खोताची साखर

१९४९ साली मुंबई सरकारने कायदा करून रत्नागिरी जिल्ह्यातील खोती बरखास्त केली, कुळांच्या मानेवरील पिढीजात जोखड उतरले आणि खोत हा अधिकार इतिहासजमा झाला, अशी नोंद सरकारी दप्तरात आहे. परंतु त्याच दप्तरांच्या धुळीत अव्वल कारकून म्हणून आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातल्यामुळे, दप्तरातील प्रत्येक नोंद वस्तुस्थितीस धरून असते असे मानण्याइतका भाबडेपणा माझ्या अंगी उरलेला नाही. आरे-वारेच्या समुद्रावर, सुरूच्या बनापासून हाकेच्या अंतरावर, जांभ्या दगडाच्या आमच्या घरात खोती आजतागायत निर्वेध चालू आहे. तिचा धारक चार पायांचा, पिंगट अंगाचा आणि भरघोस मिशांचा असून, एका पावसाळ्यात तो गडग्यावरून उडी मारून आला, पडवीतील आरामखुर्चीचा कब्जा त्याने घेतला, आणि शिजल्या भातावर अर्धेल व तापल्या दुधावर तिर्धेल अशी वसुली पहिल्याच आठवड्यात सुरू केली. आमच्या मंडळींनी त्याचे नाव ‘खोत’ ठेवले, आणि मुदतीत कोणीच हरकत न नोंदविल्यामुळे ती वहिवाट कायम झाली.

अशा वहिवाटीचे परिणाम उपभोक्त्याच्या अंगावर दिसल्यावाचून राहत नाहीत. सकाळी मऊ भात व त्यावर तुपाची धार, दुपारी साय, दिवेलागणीस दूध, आणि या सर्व कार्यक्रमांच्या मधल्या काळात अखंड निद्रा, असा दिनक्रम वर्षानुवर्षे चालल्यावर खोताचे पोट त्याच्या पुढे अर्धा क्षण आणि तो मागाहून, अशा क्रमाने उंबरठा ओलांडू लागला. लहानपणीच शस्त्रक्रिया झाल्यामुळे संसाराची उपाधी त्याला नव्हती, आणि उंदरांशी त्याचे पूर्वीचे वैर वयोमानाने इतके निवळले होते की कोठीतील एक उंदीर त्याच्या शेपटीला वळसा घालून जात असे. मांजर गुबगुबीत झाले की घराला बरकत आली असे आमच्याकडे मानतात. शिवाय मांजर हे षष्ठीदेवीचे वाहन, आणि ते हातून दगावल्यास सोन्याचे मांजर करून काशीस दान करावे लागते अशी समजूत, तेव्हा त्याला उपाशी ठेवण्याची जोखीम कोण पत्करणार!

पुढे मात्र विपरीत घडू लागले. खोत न्हाणीतील बादलीत मान घालून पाणी पिऊ लागला, दुप्पट जेवून निम्म्याने झडू लागला, आणि मागल्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून, म्हाताऱ्या खोताने वहाणा ओढीत चालावे तसा चालू लागला. परसात केळीच्या आळ्याजवळ तो ज्या ठिकाणी नित्य उकरीत असे तेथे काळ्या मुंग्यांची रीघ लागलेली आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, पाहिली. अण्णांना स्वतःला मधुमेह होऊन बराच काळ लोटलेला असल्यामुळे त्या विषयातील त्यांचे वाचन दांडगे आहे, आणि ते वाचन केवळ इतरांसाठी असल्यामुळे अत्यंत निःपक्षपाती आहे. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत मूत्राकडे मुंग्या धावतात हे चरकसंहितेत सांगून ठेवले आहे, असे म्हणून त्यांनी जागच्या जागी निदान केले : “अरे, ह्याला शुगर आहे!” हे उद्गार काढताना त्यांच्या हातात आंबापोळीचा तुकडा होता.

रत्नागिरीस जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावयाचे ठरले. वाट कासारवेली आणि साखरतर या गावांवरून जाते, आणि साखरेच्या रोग्याला साखरतरच्या पुलावरून न्यावे लागावे हा योगायोग अण्णांनी जाताना आणि येताना, दोन्ही वेळा निदर्शनास आणला. झाकणाच्या करंडीतून खोताने वळणावळणाला जो आक्रोश केला त्यामुळे समोरून गणपतीपुळ्यास निघालेल्या भाविकांनी गाड्यांच्या काचा खाली करून आमच्याकडे संशयाने पाहिले. दवाखान्यात त्याच्या रक्तातील साखर तीनशेच्या पुढे निघाली. परंतु डॉक्टर म्हणाले की एवढ्यावरून निकाल देता येणार नाही, कारण मांजर घाबरले म्हणजे निरोगी असताही त्याची साखर तीनशेच्या पुढेही चढू शकते, आणि करंडी, प्रवास व बाकावर बसलेला शेजारचा कुत्रा हे तिन्ही भयहेतू येथे उपस्थित आहेत. म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामीन नावाची दुसरी तपासणी करविली, जी मागील दोनतीन आठवड्यांची सरासरी सांगते आणि जिच्यावर तात्कालिक भीतीचा परिणाम होत नाही. भीतीच्या भरात दिलेली कबुली ग्राह्य धरू नये हे कायद्याचे तत्त्व वैद्यकातही पाळले जाते, हे पाहून माझ्यातील जुन्या कारकुनाला बरे वाटले.

दुसऱ्या तपासणीने खोत रीतसर दोषी ठरला. हा रोग मांजरांत बहुधा कोणाला जडतो, असे विचारता डॉक्टरांनी यादी सांगितली : नर, खच्ची केलेला, मध्यम वय उलटलेला, लठ्ठ, आणि बैठ्या सवयीचा. यादीतील दुसरे कलम वगळून उर्वरित मजकूर ऐकत असता अण्णांनी पोटावरील उपरणे सावरले. बर्मीज जातीच्या मांजरांत हा विकार अधिक, विशेषतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड या देशांत, असेही ते म्हणाले. ती जात १९३० साली ब्रह्मदेशातून अमेरिकेस गेलेल्या वाँग माऊ नावाच्या एका मांजरीपासून वाढविण्यात आली. ज्या साली मुंबईस पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले त्याच, म्हणजे १८८६ साली, ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीस आणून ठेवले होते. तेव्हा खोताच्या अंगी काही ब्रह्मदेशी राजरक्त असावे, असा दावा आमच्या मंडळींनी तेथल्या तेथे दाखल केला. डॉक्टरांनी खोताचा चेहरा न्याहाळून तो पुराव्याअभावी निकालात काढला.

या रोगातील खरा अन्याय मला पुढे कळला. मांजराला गोड चवच कळत नाही. २००५ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी दाखवून दिले की जिभेवर गोडी ओळखणारे जे ग्राहक असते, त्याचा एक अर्धा भाग बनविणारे जनुक मांजरात, आणि वाघातही, निकामी होऊन पडले आहे. अण्णांनी हापूस, फणसाचे गरे, उकडीचे मोदक आणि दिवाळीचा फराळ यांचा अनेक दशके यथासांग उपभोग घेऊन मग मधुमेह पत्करला. त्यांच्या बाबतीत मुद्दल पूर्ण वसूल झाल्यावर व्याजाची मागणी आली असे म्हणता येईल. परंतु ज्याने जन्मात एकदाही साखरेची चव चाखली नाही त्या खोताच्या नावावर तेवढाच बोजा चढावा, हे कोणत्या खतावणीत बसते? साय त्याला आवडे ती स्निग्धतेसाठी, आणि भात तो खाई तो केवळ आम्ही दुसरे काही वाढीत नसू म्हणून.

उपाय म्हणून इन्शुलिन लिहून मिळाले, आणि त्या औषधाचा इतिहास वाचला तर खोताने आपल्या शेजारच्या कुत्र्यापुढे नित्य मान लववावी. १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि कुत्र्याला मधुमेह झाला, म्हणून रोगाचे ठिकाण कळले. १९२१ साली टोरोंटोस बँटिंग व बेस्ट यांनी पुन्हा कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिन हाती आणले, १९२२च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलाला टोचले गेले, आणि १९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कित्येक दशके हे औषध गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. गंमत अशी की डुकराचे इन्शुलिन तंतोतंत कुत्र्याच्या इन्शुलिनासारखे असते, आणि मांजराचे इन्शुलिन गाईच्या इन्शुलिनाशी अवघ्या एका दुव्याच्या फरकाने जुळते. हे ऐकताच आमच्या मंडळींनी खोताच्या पाठीवरून आदराने हात फिरविला. कुत्र्यांच्या बलिदानाची हकीकत मी खोतालाही वाचून दाखविली. ती संपण्यापूर्वी तो उठून गडग्यावर गेला आणि शेजारच्या कुत्र्यावर फिस्कारला. उपकारकर्त्याशी असे वागण्याची रीत मनुष्यजातीतही अज्ञात नाही.

औषध हाती आल्यावर मापांचा घोटाळा समोर ठाकला. आपल्याकडे इन्शुलिनच्या बऱ्याच कुप्या एका मिलिलिटरात ४० युनिट अशा हिशेबाच्या असतात, तर काही प्रकार १०० युनिटांचे असतात. सुया बनविणाऱ्यांनी त्यासाठी निरनिराळ्या सिरिंजा काढल्या असून ४०च्या टोपणाचा रंग तांबडा आणि १००च्या टोपणाचा नारिंगी ठेवला आहे. शंभराचे औषध चाळिसाच्या सिरिंजेत त्याच रेघेपर्यंत भरले तर अडीचपट मात्रा अंगात जाते, आणि खोतासारख्या एखाददुसऱ्या युनिटाच्या रोग्याला तेवढी चूक भोवते. पूर्वी एका पेठेची पायली दुसऱ्या पेठेत चालत नसे आणि त्या तफावतीवर व्यापाऱ्यांचे वाडे उभे राहत. येथे तफावतीवर उभे राहण्यासारखे काही नाही, आडवे होण्यासारखे मात्र आहे. म्हणून घरात एकाच मापाची कुपी आणि एकाच रंगाच्या टोपणाच्या सिरिंजा ठेवाव्या असा ठराव झाला, आणि त्यावर सर्वांनी सह्या केल्या.

टोचण्याची वेळ सकाळी सात आणि संध्याकाळी सात, मध्ये बारा तासांचे अंतर, आणि त्यापूर्वी रोगी जेवलेला असला पाहिजे, कारण रित्या पोटी औषध गेले तर साखर एकाएकी खाली उतरते. लग्नामुंजीला जावयाचे तर सातच्या आत घरी. देवळात कीर्तन रंगात आले तर बुवांनी आख्यान संपवावे की आम्ही उठावे, असा पेच. खोत ताटलीत तोंड घालून जेवत असताना मंडळी त्याच्या कुशीची कातडी चिमटीत धरतात आणि मी सुई घालतो. सुई इतकी बारीक असते की खोताला ती कळत नाही. मला मात्र ती दर वेळी कळते, असे अण्णांचे निरीक्षण आहे.

साखर मोजण्याचे काम याहून नाजूक. दवाखान्यातील आकडा भीतीने फुगतो, म्हणून मोजणी घरीच करावी असे डॉक्टरांनी बजावले, आणि जागा सांगितली ती कानाची कड. ओटीवर सकाळचे ऊन येते तेथे खोताला मांडीवर घ्यावयाचे, कोमट पाण्यात पिळलेला कापूस कानाला लावून कान उबदार करावयाचा, उन्हासमोर तो धरला म्हणजे पातळ गुलाबी पाळीच्या काठाने जाणारी शीर स्पष्ट दिसते, तिच्या किंचित बाहेर टोचले की थेंब वर येतो, आणि तो थेंब पट्टीला लागेपर्यंत खोताने कान झटकला नाही तर यंत्र आकडा दाखविते. झटकला तर थेंब माझ्या सदऱ्यावर आणि कार्यवाही तहकूब. माणसांसाठी केलेले ग्लुकोमीटर मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दाखविते. जड यंत्रानेही खोताची मर्जी सांभाळावी यात मला नवल वाटले नाही.

या आकड्यांसाठी मी तांबड्या कापडी पुठ्ठ्याची एक रोजकीर्द घातली असून तीत तारीख, साखर, युनिट, आहार आणि शेरा असे रकाने आखले आहेत. पहिले चार रकाने डॉक्टर वाचतात. पाचव्या रकान्यात ‘चावला’, ‘माळ्यावर फरारी’, ‘परस्पर शेजारी जेवून आला’, ‘मंडळींनी साय दिल्याचा संशय’ आणि ‘संशय खरा’ अशा नोंदी आहेत.

आहाराचे कलम आमच्या कुटुंबाला सर्वांत जड गेले. मांजर हा प्राणी निसर्गतःच मांसाहारी. पिठूळ अन्न पचवून त्याची विल्हेवाट लावण्याची सोय त्याच्या शरीरात बेताचीच, म्हणून भात बंद, दूध बंद, पिठाने भरलेले कोरडे विकतचे दाणेही बंद, आणि मासे, कोंबडी, अंडी चालू, असा हुकूम सुटला. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या चुलीला मत्स्यगंध लागलेला नव्हता. शेवटी परसात, हद्दीच्या गडग्यापाशी, तीन दगडांची स्वतंत्र चूल आणि एक पोचे आलेला टोप यांची नेमणूक झाली, आणि मासेवालीला आयुष्यात प्रथमच आमच्या खळ्यात पाटी उतरविण्याचे आमंत्रण गेले. “काय वो काकू,” ती पाटीवरचे फडके काढीत म्हणाली, “मांजराला बांगडा नि मानसांना आमटी, ह्यो कंचा न्याय?” मंडळींनी या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, परंतु महिन्याभरात त्या बांगड्याचा कल्ला उचलून लाल आहे की काळपट पडला आहे हे पाहू लागल्या, आणि तारलीचा भाव असा काही करू लागल्या की मासेवालीला त्यांच्या पूर्वजांविषयी शंका यावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि त्या काळात सर्व किनारा सुक्या मासळीवर निभावतो. पण ती खारट, म्हणून रोग्याला वर्ज्य. तेव्हा पावसाळ्यात अंड्यांवर वेळ आली. आमच्या स्वयंपाकघराच्या मागील दारातून अंडी आत येत असताना पुढील दारी गुरुजी सत्यनारायणाची तिथी ठरवीत बसले होते, एवढे नमूद करून हे कलम मी आटोपते घेतो.

घरात बंदोबस्त झाला, तरी बाहेर आरे-वारेचा समुद्र आहे, आणि शनिवार-रविवारी त्यावर लोटणारे पर्यटक आहेत. रस्त्याच्या कडेला गाड्या लावून, घाटीवरून दोन्ही पुळणींची छायाचित्रे काढून झाली की ही मंडळी पिशव्या सोडतात, आणि खोत अशा वेळी उपासमारीची जी मुद्रा धारण करतो तिच्यापुढे पाषाणाला पाझर फुटेल. मग बिस्कीट, फरसाण, भेळ, वड्यातला पाव, सर्व काही त्याच्यापुढे येते. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी या प्रश्नावर उंदरांची सभा मोडली. आमच्या घरी तो प्रश्न मंडळींनी सोडविला. मी मसुदा केला होता तो असा : “सदरहू मांजरास मधुमेहाचा विकार असल्याकारणाने त्यास पिष्टमय जिन्नस खावयास घालू नयेत, घातल्यास होणाऱ्या परिणामांची जोखीम घालणाराची राहील.” हा मजकूर गळ्यात मावेना, म्हणून मंडळींनी एका लहानशा बिल्ल्यावर ‘मला शुगर आहे’ एवढेच रंगविले. पुढच्याच रविवारी पुण्याकडील एका वयस्क गृहस्थांनी तो बिल्ला चष्मा लावून वाचला, “मलाही आहे हो,” असे गहिवरून म्हणाले, आणि हातातल्या बिस्किटाचे दोन भाग करून एक खोताला देऊन दुसरा स्वतः खाल्ला.

साखर वाढण्याची ही कथा. ती उतरण्याची भीती त्याहून मोठी. मांजर झिंगल्यागत चालू लागले, सुस्त पडले किंवा त्याला झटके येऊ लागले, तर क्षणाचाही विलंब न करता हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळावे आणि डॉक्टरांकडे धाव घ्यावी, असा नियम आहे. तदर्थ फडताळात मधाची एक बाटली राखून ठेवली. खोतावर तो प्रसंग कधीच आला नाही, तरी बाटलीतील मध महिन्यागणिक उतरत गेला. चौकशी करता अण्णा म्हणाले की मध जुना झाला म्हणजे त्याचा गुण जातो, म्हणून ते तो वेळोवेळी तपासून पाहतात. औषधाची कुपी दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि कोकणात पावसाळ्यात लाइट जाणे हा ऋतुधर्मच आहे. २०२१च्या मे महिन्यातील तौक्ते वादळाने तर किनारा अंधारात लोटला होता. अशा वेळी ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके उपयोगी पडते, आणि कुपी त्यात काही दिवस सुखरूप राहते.

फळ मिळाले. योग्य आहार आणि लवकर सुरू केलेले इन्शुलिन यांच्या योगाने बऱ्याच मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा कामावर रुजू होते आणि औषध थांबविता येते, हे डॉक्टरांनी आरंभीच सांगितले होते. खोताच्या बाबतीत ते खरे ठरले. मात्रा उतरत उतरत बंद झाली, घोटे टेकवून चालणे थांबले, आणि तो पुन्हा गडग्यावर चढू लागला. ही सूट कायमची असेलच असे नाही, म्हणून मोजणी चालूच आहे. त्या दिवशी यंत्राने ९६ दाखविले, आणि मंडळींनी ते यंत्र हातातच ठेवून, नवी सुई लावून, शांतपणे म्हटले, “भाऊजी, बोट.” अण्णांनी एकादशीपासून ग्रहणापर्यंतच्या सर्व हरकती उपस्थित केल्या, त्या फेटाळण्यात आल्या. त्यांचा आकडा २८४ निघाला. रोजकीर्दीत आता त्यांच्या नावाचा रकाना आहे, ते सकाळी आऱ्याच्या पुलापर्यंत चालून येतात, आणि शेऱ्याच्या जागी ‘परस्पर शेजारी जेवून आला’ ही नोंद खोताच्या नावावर आता क्वचितच पडते.

या साऱ्या प्रकरणातून माझे मत असे बनले आहे की मधुमेही मनुष्यापेक्षा मधुमेही मांजर सांभाळणे सोपे. ते ओरबाडते, चावते, पळते; परंतु “एवढ्याशाने काय होतंय” असे म्हणत नाही, आणि वैद्याकडे जाण्याच्या आदल्या दोन दिवसांपुरते पथ्य पाळून त्याच्या डोळ्यांत धूळ फेकीत नाही. म्हणून ज्यांच्या घरी अशी खोती असेल त्यांना माझी विनंती की त्याला भातदुधावर फुगवू नये, महिन्यातून एकदा वजन करावे, ते अधिक पाणी पिऊ लागले किंवा खाऊनही वाळू लागले तर बरकतीच्या भरवशावर न राहता त्याची साखर तपासून घ्यावी, आणि औषधाची मात्रा डॉक्टरांखेरीज कोणाच्याही सल्ल्याने बदलू नये. घरात कोणी अण्णा असतील तर त्यांचीही त्याच बैठकीत तपासावी. सुई मात्र नवी घ्यावी.